साटेलोटे, लागेबांधे आणि मतदान यंत्रे

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. अमेरिकेतल्या मतदान यंत्रांविषयीच्या एका मराठी लेखाला मथळा होता, ‘यंत्र कंपन्यांचे पक्षांशी साटेलोटे’. सासऱ्यांनी तो वाचला आणि म्हणाले, “शब्द चुकलाय. लागेबांधे हवा.” नवऱ्याच्या मते दोन्ही एकच. ताईंना दोन गोष्टी विचारायच्या आहेत : या शब्दांत फरक काय, आणि ‘साटेलोटे आहे’ म्हणायचे की ‘साटेलोटे आहेत’?

सासरे बरोबर आहेत, निदान त्या मथळ्यापुरते. का, ते सांगायला आधी मुरबाडकडे जावे लागेल.

माझी आजी तिकडची. तिच्या तोंडी साटंलोटं हा शब्द यायचा तो लग्नाच्या बोलण्यात. “थोरल्या नणंदेचं लग्न साट्यालोट्याचं” म्हणजे नणंद ज्या घरात दिली, त्याच घरातली मुलगी सून म्हणून इकडे आणली. हुंड्याची घासाघीस टळायची, दोन्ही मांडव एका खर्चात उरकायचे. पण आजी त्याची दुसरी बाजूही सांगायची. तिकडे आपल्या लेकीला कुणी टाकून बोलले, की इकडे त्यांच्या लेकीच्या पुढ्यातले ताट आपटले जायचे. एक रुसून माहेरी आली, तर दुसरीची पिशवी आपोआप भरली जायची, तिचे काही बिनसलेले नसले तरी. दोन्ही घरांकडे एकमेकांची लेक असे. म्हणून सलोखा टिके आणि धाकही टिके.

राजकारणात हा शब्द आला तो हे सगळे घेऊन. साटेलोटे म्हणजे नुसती ओळख किंवा जवळीक नव्हे. मी तुला काही दिले, तू मला काही दिलेस, आणि आता दोघेही एकमेकांच्या हातात आहोत. यातला अर्थ वाहून नेणारा शब्द ‘साटे’, म्हणजे अदलाबदल, सौदा. तो एकटा आता फारसा ऐकू येत नाही, पण घोडबंदर रोडला किंवा घणसोलीला फ्लॅट बुक केलेल्या प्रत्येकाने त्यावर सही केलेली असते. साठेखत! मूळ शब्द साटेखत, सौदा ठरल्याचा कागद. गुजरातीत अजून साटाखतच म्हणतात. आपल्याकडे ‘ट’चा ‘ठ’ झाला आणि लोकांना वाटू लागले की साठे आडनावाच्या कुणा गृहस्थाने हा कागद काढला असावा. (हा विनोद नाही, मला एका एजंटाने गंभीरपणे सांगितले आहे.)

लागेबांध्यांचा संसार वेगळा. ‘तो तुझा कोण लागतो?’ यातले लागणे आणि बांधणे, दोन्ही त्यात आहेत. इथे देवाणघेवाण झालीच पाहिजे असे नाही. तुमचा मावसभाऊ मंत्रालयात आहे आणि त्याने तुमचे एकही काम कधी केलेले नाही, तरी लागेबांधे आहेतच. शेजारचे लोक तुमच्याकडे थोडे वेगळ्या नजरेने बघतील, तेवढे ते पुरतात.

आता अमेरिका. तिथे यंत्रे खासगी कंपन्या बनवतात आणि ती निवडण्याचे, विकत घेण्याचे काम राज्ये आणि काउंट्या (तिथले जिल्हे) करतात. त्यामुळे कंपनीचा मालक कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न तिथे वर्षानुवर्षे निघतो. सगळ्यात गाजलेले उदाहरण डिबोल्ड कंपनीचे. कंपनी ओहायो राज्यातली. तिचे प्रमुख वॉल्डन ओडेल हे रिपब्लिकन पक्षासाठी निधी गोळा करत. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांनी निधीसाठी एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, पुढच्या वर्षी ओहायोची मते अध्यक्षांच्या पदरात पडावीत यासाठी मदत करायला मी बांधील आहे. अध्यक्ष म्हणजे तेव्हाचे जॉर्ज बुश. आणि त्याच सुमाराला त्यांची कंपनी त्याच राज्याला यंत्रे विकू पाहत होती.

याला मराठीत काय म्हणाल? लागेबांधे तर नक्कीच, गृहस्थ स्वतःच ‘बांधील’ म्हणतो आहे. साटेलोटे म्हणायचे, तर दुसरा हात दाखवावा लागतो : पक्षाने कंपनीला बदल्यात काय दिले? संशय होता तो कंत्राटाचा. २००६ साली ओहायोचे रिपब्लिकन सेक्रेटरी ऑफ स्टेट केनेथ ब्लॅकवेल यांच्या नावावर डिबोल्डचे काही शेअर असल्याचे त्यांच्याच विवरणपत्रातून बाहेर आले. राज्यात कोणती यंत्रे चालतील ते ठरवण्यात या पदाचा मोठा वाटा असतो. गुंतवणूक सांभाळणाऱ्याने आपल्याला न विचारता ते घेतले, असे त्यांनी सांगितले. याला अचूक मराठी शब्द तिसराच आहे, हितसंबंध. शेअर कागदावर दिसतात. ते घेताना मनात काय होते, हे सिद्ध करत बसावे लागत नाही. तुमचे हित त्यात गुंतले आहे, एवढे म्हटले की पुरे. म्हणून ‘हितसंबंध’ हा शब्द थंड वाटतो, आणि म्हणूनच मथळे लिहिणाऱ्यांना तो आवडत नाही.

चौथा शब्द संगनमत, आणि तो सगळ्यात जड. दोघांनी मिळून, ठरवून, वाईट काम केले, असा त्याचा अर्थ. डिबोल्डबद्दल तोही सर्रास वापरला गेला. पण २००४ मध्ये ओहायोच्या बहुतेक काउंट्यांत मतदान झाले ते छिद्रे पाडायच्या जुन्या पंचकार्डांवर. पत्र खरे, शरम वाटावी असे खरे, ओडेल यांना पुढे त्या शब्दांबद्दल खेदही व्यक्त करावा लागला. डिसेंबर २००५ मध्ये ते पदावरून गेले. तरी त्या निवडणुकीपुरते ‘संगनमत’ लिहिणाऱ्याच्या हातात पुरावा नव्हता.

शब्दांच्या या जिन्यावर एकदम दोन पायऱ्या चढल्या की काय होते, ते मतदान यंत्रे बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीच्या प्रकरणात दिसले. २०२० च्या निवडणुकीत या कंपनीने मते फिरवली, तिचे व्हेनेझुएलाचे माजी अध्यक्ष चावेझ यांच्याशी संबंध होते, असे फॉक्स न्यूज या वाहिनीवर पाहुणे आणि निवेदक बोलत राहिले. कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. मार्च २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ही विधाने खोटी असल्याचे नोंदवले, आणि एप्रिलमध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तडजोड केली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये डोमिनियन विकली गेली, ती सेंट लुईसमधल्या एका माजी रिपब्लिकन निवडणूक अधिकाऱ्याला, आणि तिचे नाव लिबर्टी व्होट झाले. मग शंका काढणाऱ्यांनी बाजू बदलल्या. कालपर्यंत ‘यंत्रांवर विश्वास ठेवा’ म्हणणारे आज ‘मालक कोण ते बघा’ म्हणू लागले. नव्या मालकाचा पूर्वेतिहास बघता ‘लागेबांधे’ हा शब्द चर्चेत आणता येईल, त्यापुढचा नाही.

एक पाचवा शब्दही मनात आला होता, मिंधा. घेतल्या उपकारापायी मान खाली घातलेला. अशा चर्चांना चपखल बसतो, पण गेली काही वर्षे ठाण्यात तो उच्चारला की लोक आधी आजूबाजूला बघतात, तेव्हा राहू दे.

ताईंच्या नवऱ्याने म्हणे पुढे विचारले, “मग आपल्याकडे कुठला शब्द लावायचा?” आपली यंत्रे दोनच कंपन्या बनवतात, बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल (इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया). दोन्ही केंद्र सरकारच्या. त्यामुळे ‘कंपनीचे सरकारशी लागेबांधे’ हे वाक्यच फसते. मालकाशी लागेबांधे नसतात, मालकी असते. पण सरकार आणि पक्ष या दोन गोष्टी आहेत. जानेवारी २०२४ मध्ये माजी केंद्रीय सचिव ई. ए. एस. सर्मा यांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिले, की भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या संचालक मंडळावर भाजपशी संबंधित किमान चार व्यक्ती स्वतंत्र संचालक आहेत. इथे भाषेच्या माणसाने त्या ‘स्वतंत्र’ या विशेषणापाशी थांबावे. स्वतंत्र संचालक म्हणजे ज्याचा त्या व्यवहारात कुठे लागाबांधा नाही असा. सर्मांचा आक्षेप खरे तर याच शब्दाला आहे. यंत्र कसे चालते, स्लिपा किती मोजायच्या, हा निराळा विषय. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला निकाल देऊन सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कुणाला गेले ते दाखवणाऱ्या छापील स्लिपा) मोजण्याची मागणी फेटाळली. एका शब्दाने दोन्ही प्रश्न झाकायला गेलो की वाद घालणारे दोघेही वेगवेगळ्या गोष्टींवर ओरडत बसतात. मी निवडणुकीच्या ड्युटीवर केंद्राध्यक्ष होतो, सकाळी साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घेताना पोलिंग एजंटांमध्ये हे पुरते पाहिले आहे. एक म्हणतो मशीन, दुसरा म्हणतो मालक, आणि सील लावायचे राहून जाते.

आता व्याकरण. लागेबांधे हे लागाबांधा या पुल्लिंगी शब्दाचे अनेकवचन, म्हणून ‘लागेबांधे आहेत’, ‘लागेबांध्यांमुळे’. साटेलोटे मात्र नपुंसकलिंगी एकवचन. बोलताना साटंलोटं म्हणून बघा, लगेच कळते. देणेघेणे किंवा खाणेपिणे जसे चालते तसे : ‘त्यांचे साटेलोटे आहे’, ‘साट्यालोट्याचे राजकारण’. लिहिताना शेवटी ‘टे’ दिसला की हात ‘आहेत’कडे वळतो, शेजारी लागेबांधे असले तर हमखास. ताईंच्या त्या लेखात दुसऱ्याच ओळीत ‘हे साटेलोटे उघड झाले आहेत’ असे होते म्हणे. सासऱ्यांनी ती ओळ वाचली नसावी, नाहीतर चहा निवला असता.