नायलॉन आणि केवलार दोन्ही पॉलिअमाइडच, मग केवलार एवढं मजबूत कसं?

तुमची शंका रास्त आहे. दोन्ही पॉलिमर, म्हणजे साखळीसारख्या लांबलचक रेणूंचे, आणि दोन्हींच्या साखळीचे तुकडे जोडणारा दुवा अमाइड बंधच (कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातला) आहे. फरक पडतो तो दोन बंधांच्या मध्ये काय बसलंय त्यानं. नायलॉनमध्ये तिथं कार्बनची लवचीक लडी असते, ती जागोजागी वळते, त्यामुळे रेणू शिजलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंततात. केवलारमध्ये तिथं बेंझिनचं, म्हणजे सहा कार्बन अणूंचं, ताठ कडं असतं आणि बंध कड्याच्या अगदी समोरासमोरच्या टोकांना, म्हणजे पॅरा जागी, जोडलेले असतात. रेणूला वळायला वावच राहत नाही. तो खराट्याच्या हिरासारखा ताठ असतो.

हेच बंध एक घर अलीकडे, मेटा जागी, जोडले की नोमेक्स मिळतं. अणू तेच आणि तेवढेच, पण साखळी नागमोडी. नोमेक्स आगीत टिकतं, अग्निशामकांच्या कपड्यांत वापरतात. ताण सोसण्यात मात्र केवलारच्या जवळपासही येत नाही. रेणूचा आकार काय करू शकतो, हे मला याहून चांगलं कुठं दिसलेलं नाही.

१९६५ साली ड्यूपाँट कंपनीत रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या हाती अशा ताठ रेणूंचं एक द्रावण आलं. पॉलिमरचं द्रावण एरवी काकवीसारखं दाट. हे पातळ आणि गढूळ, ढवळलं की चमकणारं. यंत्राची ज्यांतून सूत निघतं ती बारीक छिद्रं तुंबतील म्हणून सूत काढणारा सहकारी आधी तयारच होईना. क्वोलेक यांनी हट्ट सोडला नाही, हे किती बरं झालं! तो गढूळपणा कचऱ्याचा नव्हता. ताठ रेणू द्रावणातच आपोआप एका दिशेला लागले होते, म्हणजे ते द्रावण द्रवस्फटिक होतं, वाहतं पण रेणू स्फटिकासारखे ओळीत. छिद्रातून ओढताना ते धाग्याच्या लांबीला समांतर होतात, शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरतात आणि ताण थेट साखळीतल्या पक्क्या बंधांवर येतो. म्हणून वजनास वजन धरलं तर केवलार पोलादाच्या सुमारे पाचपट ताण सोसतं.

या ताठपणाची किंमतही आहे. केवलार वितळत नाही, ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचं विघटन होतं; म्हणून सूत काढायला ते तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवावं लागतं. शिवाय दाबाला ते कच्चं. मी एकदा केवलारचा एक तंतू घट्ट दुमडून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला होता. घडीच्या आतल्या बाजूला, जिथं दाब पडतो तिथं, तिरक्या काळ्या रेघा उमटल्या होत्या. तंतू तुटला नव्हता, पण त्या प्रत्येक रेघेवर साखळ्या मुडपल्या होत्या. बाहेरची, ताणलेली बाजू तशीच नितळ होती.