प्रयोजन संपल्यावर उरणारे

प्रिय तरुण मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. काही ग्रंथ केवळ अभ्यासक्रमाच्या याद्यांमुळे आणि समीक्षकांच्या प्रशस्तीमुळे अभिजात ठरतात, अन्यथा ते केव्हाच विस्मरणात गेले असते, ही तुमची शंका मी उडवून लावणार नाही. यादीच्या आधाराने जिवंत असल्यासारखी दिसणारी आणि परीक्षा आटोपल्यावर कोणीही हाती घेत नाही अशी पुस्तके मराठीत आहेतच. परंतु विद्यापीठे नव्हती, पाठ्यपुस्तक मंडळे नव्हती, छापखानेही नव्हते, अशा काळात काही ग्रंथ शतकानुशतके कसे टिकले, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शंकेतून मिळत नाही. माझे मत थोडक्यात सांगतो. ग्रंथ ज्या कामासाठी लिहिला गेला ते काम संपल्यानंतरही त्यात काही शिल्लक राहत असेल, तर तो टिकण्यास पात्र असतो. आणि त्या शिलकीपायी पुढच्या काळातले कोणी कष्ट उपसायला तयार झाले, तरच तो प्रत्यक्षात टिकतो.

आधी शिलकीचे पाहू. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ 1857 मध्ये प्रसिद्ध झाले. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता आणि हिंदू विधवांच्या दुःखाकडे लोकांचे लक्ष वेधणे हा लेखकाचा सरळ हेतू होता. हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली ती त्यानंतर सुमारे साडेतीन दशकांनी. विषय जवळजवळ तोच, तळमळही तितकीच प्रामाणिक. तरीही आज पहिले पुस्तक मुख्यतः वाङ्मयेतिहासाचा अभ्यासक उघडतो आणि दुसरे साधा वाचकही शेवटपर्यंत वाचतो. काळाचे अंतर हे एक कारण असेल, पण पुरेसे नव्हे. पहिल्या पुस्तकात यमुना प्रवास करते आणि ठिकठिकाणी तिला विधवांच्या कहाण्या आढळतात. प्रत्येक कहाणी मुद्दा सिद्ध करण्यासाठी येते आणि मुद्दा सिद्ध झाला की निघून जाते. आपट्यांची यमू मात्र स्वतःच्या तोंडाने बोलते. माहेरची माणसे, भावंडांची भांडणे, सासरी सांभाळावी लागणारी तोंडे, नवऱ्याबरोबर मुंबईला मिळालेले थोडे मोकळे दिवस, हे सगळे ती इतक्या बारकाईने सांगते की त्यातला निम्मा भाग सुधारणेच्या प्रचाराला अनावश्यक ठरावा. मला विचाराल तर कादंबरी त्या अनावश्यक निम्म्या भागावर उभी आहे. केशवपनाची सक्ती इतिहासजमा झाली, तरी कादंबरीतल्या जुलमी शंकरमामंजींसारखा माणूस घरात वावरताना इतरांचे श्वास कसे आखडतात हे समजून घेण्याची गरज मात्र संपलेली नाही.

हीच गोष्ट ‘लीळाचरित्रा’त अधिक ठळकपणे दिसते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा केल्या, त्या भक्तांना स्मरणासाठी हव्या होत्या म्हणून. स्वामी कोठे गेले, कोणाशी काय बोलले, एवढेच त्यांना नोंदवायचे होते. परंतु ऐकले तसे लिहिण्याचा कटाक्ष इतका कडक होता की त्या नोंदींबरोबर यादवकालीन महाराष्ट्राची बोली, खाणेपिणे, बाजार, देवळे, वाटा आणि महदाइसेसारख्या जिज्ञासू शिष्येचे अडवून विचारलेले प्रश्नही आपोआप कागदावर उतरले. पंथाबाहेरच्या वाचकाला स्वामींच्या ईश्वरत्वाशी कर्तव्य नसेल, तरी ही छोटी, बिनअलंकाराची वाक्ये त्याला धरून ठेवतात. परंपरा असे सांगते की खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. बाहेरच्या जगाला ते कित्येक शतके वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा ते अभ्यासकांपुढे आले. दडवून ठेवण्यामुळे ग्रंथ टिकला आणि दडवून ठेवल्यामुळेच मराठीच्या घडणीत त्याला इतकी वर्षे वाटा मिळाला नाही.

तुम्ही गोव्याचा उल्लेख केला आहे, म्हणून तेथल्या एका ग्रंथाविषयी थोडे सविस्तर लिहितो. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला आणि साष्टीच्या परिसरात त्याने आयुष्य घालवले. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रोमन लिपीत छापले गेले. 1649 आणि 1654 मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे प्रयोजन उघड होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांना श्रवणासाठी दुसरे काही हवे होते. असे ग्रंथ धर्मप्रसाराच्या इतिहासात शेकड्यांनी सापडतात आणि बहुतेक कोरडे असतात. स्टीफन्सने मात्र ओवी नुसती वापरली नाही, ती आत्मसात केली. मराठीची थोरवी गाताना त्याने रत्ने, फुले आणि परिमळ यांच्या ज्या उपमा योजल्या, त्या प्रचारकाच्या हिशेबात बसणाऱ्या नाहीत. भाषेवर लोभ जडलेला माणूसच तसे लिहितो.

पुढे काय घडले ते पाहा. 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेचा वापर तीन वर्षांत थांबवण्याचा हुकूम काढला. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. छापलेले पुस्तक गेले आणि हाताने उतरवून घेतलेले राहिले. कारण ते लोकांच्या तोंडी होते, चर्चमध्ये आणि घरांत गायले जात होते आणि ज्या ख्रिस्ती कुटुंबांनी गोवा सोडून कानडा मुलखात आश्रय घेतला त्यांनी हस्तलिखिते बरोबर नेली. 1907 मध्ये मंगळूरला जे. एल. साल्ढाणा यांनी अशाच हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हा छापला. सत्ता, छापखाना आणि चर्चची मान्यता या तिन्ही गोष्टी प्रारंभी ज्याच्या पाठीशी होत्या, तो ग्रंथ अखेर नक्कल करणाऱ्या अनाम हातांमुळे वाचला, हे मला फार बोलके वाटते. तुमच्या यादीच्या सिद्धांताला याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

कष्ट उपसण्याविषयी आणखी एक उदाहरण देतो, ते तुम्हाला माहीत असेलच. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये नेवाशास सिद्ध झाली आणि पुढच्या सुमारे तीनशे वर्षांत पाठकांच्या व लेखनिकांच्या हातून तिच्यात पाठभेद शिरले. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती पडताळून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला आणि तिच्यात स्वतःची ओवी घुसवू पाहणाऱ्याला कडक शब्दांत बजावले. तोपर्यंत एकनाथी भागवत लिहून झाले होते. म्हणजे स्वतःचे मोठे काम नावावर असलेला कवी दुसऱ्याच्या ग्रंथातील अक्षरे शोधत बसला होता. आपल्याकडे संपादनाला दुय्यम काम समजण्याची खोड आहे, तिची मला नेहमी गंमत वाटते. एकनाथांचा पाठ नसता, तर आज आपण ज्ञानेश्वरी म्हणून नेमके काय वाचत असतो, याचा विचार करून पाहा. आणि तरीही, पुन्हा तोच मुद्दा: गीतेचा अर्थ मराठीत सांगणे एवढेच त्या ग्रंथाचे काम असते, तर नंतर झालेल्या सुलभ टीकांनी त्याला केव्हाच मागे टाकले असते. एक कल्पना स्पष्ट करण्यास एक दृष्टांत पुरत असताना ज्ञानेश्वर चार देतात आणि चौथा वाचकाला पहिल्याहून निराळ्या ठिकाणी नेऊन सोडतो. अर्थ कळला तरी वाचक परत येतो तो त्यासाठी.

या सगळ्यावरून काळ हा न्यायी परीक्षक असतो, असे मात्र समजू नका. बहिणाबाई चौधरी 1951 च्या डिसेंबरमध्ये वारल्या. त्यांच्या कविता सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि 1952 मध्ये संग्रह निघाला. घरात कवी असलेला मुलगा होता म्हणून हे झाले. ज्यांच्या घरी तसा कोणी नव्हता, त्या जात्यावरच्या बायकांचे किती गेले, हे सांगण्याचे कोणतेच साधन आपल्यापाशी नाही. टिकले ते सारे थोर आणि गेले ते सारे हिणकस, असा हिशेब कोणी मांडू लागला तर त्याला ही एक गोष्ट विचारावी.

तुम्ही स्वतः लिहू इच्छिता, म्हणून दोन शब्द सांगतो. टिकण्यासाठी लिहू नका, कारण त्यासाठी नेमके काय करावे हे कोणालाच सांगता येत नाही. हातातल्या विषयासाठी लिहा, पण त्या विषयाला जेवढे पुरेल त्याहून अधिक पाहा. लेखात एखादा माणूस केवळ मुद्द्याचा वाहक म्हणून आला असेल, तर तो काय खातो, कोणाला घाबरतो, कोणत्या शब्दावर अडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का ते तपासा. सगळे छापावे असे नाही, पण ठाऊक असावे. आणि महिन्यातून एकदा तरी जुना ग्रंथ मोठ्याने वाचा. ओवी डोळ्यांनी वाचली तर तिचा अर्धा भाग हरवतो.

सुरुवात ‘लीळाचरित्रा’पासून करावी, असे माझे सुचवणे आहे. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली 1978 ची प्रत मोठ्या ग्रंथालयात मिळू शकेल. पहिल्या पानापासून क्रमाने जाण्याचा आग्रह धरू नका. पूर्वार्धातली कोणतीही दहा पाने उघडा, कठीण शब्द वहीत लिहून ठेवा आणि एका लीळेवर, म्हणजे स्वामींच्या एका आठवणीवर, जेथे तुम्ही थांबलात, ती आणि थांबण्याचे कारण मला कळवा. पुढच्या पत्रात तिच्यावरच बोलू.

आपला स्नेहाकांक्षी