नागीण आणि फिस्टुला, दोन्ही एकदम असेल तर
भाऊ, किडनी खराब, त्यात नागीण झाली आणि डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली शीर आणि धमनी ऑपरेशनने जोडतात तो) करायचाय म्हणतोस, म्हणून सांगतो. नागीण सुकली तरी बरगडीवरची आग लगेच जात नाही, मला दोन वर्षं झाली, शर्ट घासला तरी कळ येते म्हणून भुसावळच्या मे महिन्यात मी जुन्या धोतराचा मऊ तुकडा आत लावतो. पण मेडिकलवरून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणू नको, उरलीसुरली किडनी जाईल. नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन पण किडनीवाटेच बाहेर पडतं, डोस नेफ्रोलॉजिस्टलाच (किडनीच्या डॉक्टरला) ठरवू दे, मला जास्त झाला तेव्हा दिवसभर झिंगल्यासारखं व्हायचं, घरचे म्हणे घेतली का काय! फिस्टुलाचं ऑपरेशन झालं की त्या हाताला बीपी नाही, डायलिसिसशिवाय सुई नाही, घड्याळ पण नाही. रोज सकाळी फिस्टुलावर बोट ठेवून थरथर बघायची, मांजर गुरगुरल्यासारखी लागते. थांबली तर त्याच दिवशी सर्जनकडे पळ, उद्यावर टाकू नको.