पुतण्याला गाडी देताना भाव कसा लावायचा?

प्रश्न : आमची वॅगनआर आहे. पेट्रोल, व्हीएक्सआय, ऑगस्ट २०१३चं पासिंग, ४८ हजार किलोमीटर. पहिल्यापासून यजमानांनी एकट्यांनीच चालवली. आता रात्री समोरच्या दिव्यांचा त्यांना त्रास होतो, म्हणून गाडी विकायची ठरवली आहे. डीलर १ लाख ४५ हजार म्हणतो. जाहिरातींत अशा गाड्या अडीच लाखांच्याही पुढे दिसतात. सात जाहिराती सोबत पाठवते आहे. यजमान म्हणतात, इन्शुरन्सच्या कागदावर २ लाख १० हजार छापलेत, शिवाय गेल्या वर्षी सर्व्हिसिंग, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम मिळून ४० हजार घातले, तेव्हा अडीचच्या खाली द्यायची नाही. आणि बदलापूरचा पुतण्या गाडी मागतो आहे. तो म्हणतो, “काकू, तुम्ही म्हणाल ते.” हेच सगळ्यात अवघड झालंय. टायर जुने आहेत आणि क्लच जड झालाय, हेही सांगून ठेवते. योग्य भाव काय?
– एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : ताई, टायर आणि क्लचचं तुम्ही न विचारता सांगितलंत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. माझी सगळी नोकरी इन्शुरन्सच्या सर्व्हेयरची. ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसानीचा आकडा लिहायचा. आपली गाडी शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा चांगली नाही असं म्हणणारा मालक मला त्यात क्वचितच भेटला.

आधी यजमानांचे २ लाख १० हजार बाजूला ठेवू. पॉलिसीवरच्या त्या आकड्याला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, तेवढंच तो सांगतो. नव्या गाडीला त्याचा ठरलेला तक्ता असतो : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, मग दरवर्षी वाढत वाढत पाचव्या वर्षी ५० टक्के. पाच वर्षांनंतर तक्ताच नाही. पुढचा आकडा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. प्रत्यक्षात मागच्या वर्षीच्या आकड्यातून थोडे कमी करून एजंट नवा लिहितो आणि आपण सही करतो. तुमची गाडी बघायला कोणी आलं होतं का? नाही ना? मग त्या कागदाला तुमचा क्लच जड आहे हे कुठून कळणार!

ते ४० हजारही विसरा. सर्व्हिसिंगचे पैसे वर्षभरात वापरून झाले. सीट कव्हर तुमच्या आवडीचं आहे, पुतण्याची बायको ते पहिल्याच महिन्यात बदलेल. म्युझिक सिस्टिम हवी तर काढून ठेवा, मूळची असेल तर ती बसवून द्या. सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाईल मात्र गाडीबरोबर द्या. तिने भाव फारसा वाढत नाही, पण बोलणी लवकर संपतात.

आता जाहिराती. सातपैकी दोन कंपनी फिटेड सीएनजीच्या आहेत. मुंबईत सीएनजीला गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे त्या काढा. एक २०१५ची आहे, तीही काढा. उरल्या चार : २ लाख ६०, २ लाख ३५, २ लाख ३० आणि २ लाख २० हजार. यातल्या २ लाख ६० वाल्याला फोन करा, “अजून आहे का?” एवढंच विचारा. बहुतेक आहेच म्हणेल. अवाच्या सवा मागितलेल्या गाड्या विकल्या जात नाहीत, म्हणून तर त्या जाहिरातींत आपल्याला पुन्हापुन्हा दिसतात. ज्या भावाला गाडी खरोखर जाते तो भाव छापून येत नाही, तो बैठकीत ठरतो. बाकीच्या तिघांना गिऱ्हाईक म्हणून फोन करा आणि “पैसे लगेच, उद्या बघायला येतो, शेवटचं बोला” असं विचारा. माझा अंदाज, तिघेही २ लाख ते २ लाख १० हजारांच्या दरम्यान येतील. मधला २ लाख ५ हजार आपण पाया धरू.

डीलरचे १ लाख ४५ हजार ऐकून तुम्हाला राग आला असेल, पण तो लुटतोय असं मला वाटत नाही. तो टायर घालणार, पॉलिश करणार, जागेचं भाडं भरणार, गाडी दोन महिने उभी राहिली तर पैसे अडकणार. शिवाय जानेवारी २०२५पासून त्याला जुन्या गाडीवरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. घरच्या माणसाने घरच्या माणसाला गाडी विकली तर हा कर नाही. त्याचा भाव म्हणजे तुमची तळरेषा. आज संध्याकाळी गाडी द्यायची असेल तर एवढे मिळतील, असा त्याचा अर्थ.

पायातून आता वजा करू. इथे लोक दोन चुका करतात. पहिली, टायरचा पूर्ण खर्च वजा करतात. बारा वर्षांच्या गाडीला नवे टायर असतील असं कोणी धरतच नाही; बाजारभावात अर्धे झिजलेले टायर धरलेलेच असतात. तुमच्या टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतील. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २२१७ असेल तर टायर २०१७च्या बाविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक दिसली तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं, ते बदलावंच लागेल. चार टायरचे साधारण १६ हजार धरा आणि त्यातले निम्मे, ८ हजार, वजा करा. क्लचचं काम पूर्ण धरा, ७ हजार. ४८ हजारांत क्लच जाणं तसं लवकर आहे, पण एलबीएस रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रोज सरकवली की असंच होतं. मुंबईचं कमी रनिंग ऐकून बाहेरगावचा माणूस खूश होतो. इथलं एक किलोमीटर किती वेळात कापलं जातं ते त्याला माहीत नसतं.

दुसरी चूक आरसीच्या मुदतीची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे तुमची ऑगस्ट २०२८पर्यंत. त्यानंतर गाडी तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं. १ एप्रिल २०२२पासून या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. गिऱ्हाईक हे सगळं तुमच्यासमोर मांडून वीस हजार पाडायला बघेल. ऐकू नका. तुम्ही तुलना केली ती २०१३च्याच गाड्यांशी, त्यांनाही तीच मुदत आहे, म्हणजे ती घट पायात आधीच धरली गेली आहे. तेच पुन्हा का वजा करायचं? मात्र विकायचं २०२७वर ढकललंत तर पायाच घसरेल.

बंपरवरच्या ओरखड्यांचे शून्य. मुंबईच्या गाडीला ते असतातच. नसतील तर मला उलट शंका येते की नुकतंच पेंटिंग का केलं.

२ लाख ५ मधून १५ हजार गेले, राहिले १ लाख ९० हजार. अनोळखी माणसाला २ लाख ५ सांगा आणि १ लाख ८५च्या खाली येऊ नका. यजमान अडीचवर अडून बसले तर त्यांना विचारा, सोसायटीचं पार्किंग, इन्शुरन्स आणि उभ्या गाडीत उतरणारी बॅटरी धरून महिन्याला किती जातात. चार महिने थांबून दहा हजार जास्त मिळाले तर ते तिथेच संपले. आणि थांबायचंच तर दिवस बघून थांबा. पितृपंधरवड्यात गाडी बघायला कोणी येत नाही, दसरा-दिवाळीच्या आधी येतात. डिसेंबरात पुन्हा घासाघीस वाढते.

पुतण्याचं काय? त्याला विकताना तुम्हाला जाहिरात नाही, रविवारी दारात चार अनोळखी माणसं नाहीत, “फक्त एक चक्कर मारतो” म्हणणारे नाहीत. ही सोय तुम्हाला पैशाने मोजता येते, तर ती दोघांत वाटून घ्या. मी १ लाख ८० हजार सांगेन, आणि हिशेब कसा केला तो कागद त्याच्यासमोर ठेवेन. त्याहून कमी करायचं मनात असेल तर खुशाल करा, पण तो आहेर आहे असं दोन्ही घरांत आधीच बोला. नाहीतर सहा महिन्यांनी एसीचा कॉम्प्रेसर गेला की त्याला वाटेल काकूंनी गळ्यात मारली आणि तुम्हाला वाटेल वीस हजार सोडून वर बोलणी खाल्ली. त्याला म्हणावं, तुझा मेकॅनिक घेऊन ये. नात्यात मेकॅनिक आणायला लोक लाजतात, म्हणून हे तुम्हीच सुचवा.

कागदांबद्दल थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी त्याच्या नावावर झाल्याशिवाय हा व्यवहार झाला असं समजू नका. विकल्याची सूचना चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. बदलापूरच्या रस्त्यावर काही झालं तर नोटीस मुलुंडला येईल. २०१३ची गाडी आहे, तेव्हा नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली नसेल तर आधी बसवा, नावबदल तिच्यावाचून अडतो. कर्ज फिटूनही आरसीवर बँकेचं नाव राहिलेलं असतं, तेही बघा. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागेल. फास्टॅग बंद करा. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, यजमानांचा आहे, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षांत दुसरी गाडी घेतली तर वापरता येतो. पुतण्याला पॉलिसी नावावर करताना तेवढा फरक भरावा लागेल, हे त्याला भावाबरोबरच सांगा.

प्रश्न : माझी २०१४ची डिझेल सेडान आहे. डीलर म्हणतो, “मुंबईत दिल्लीसारखी बंदी येणार, आत्ता देऊन टाका.” आणि भाव निम्मा सांगतो. खरं आहे का?
– अंधेरी पश्चिम

उत्तर : दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधन घातलं गेलं होतं, तसा वयाचा नियम मुंबईत नाही. डीलर बोट दाखवतो आहे ते जानेवारी २०२५च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाकडे. मुंबईच्या हवेच्या प्रदूषणावरच्या प्रकरणात पेट्रोल-डिझेलची वाहनं टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे तपासायला समिती नेमण्यास न्यायालयाने सांगितलं होतं. समिती म्हणजे बंदी नव्हे. पण भीतीचाही भाव असतो, आणि तो तुमच्याच खिशातून जाणार. तेव्हा भीती जिथे कमी तिथे गाडी दाखवा. महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर फिरणारा नाशिक किंवा सांगलीकडचा माणूस अजून डिझेल शोधत असतो. मुंबईतला ऑफिसला ट्रेनने जाणारा माणूस ती घेणार नाही, आणि घेऊही नये. रोज तीन किलोमीटर चालवून डिझेल इंजिनाचं भलं होत नाही. डीलरच्या आकड्यावर पंचवीस-तीस हजार जास्त मिळाले तर घासाघीस न करता द्या.

प्रश्न : तीन पावसाळ्यांपूर्वी गाडीत सीटपर्यंत पाणी शिरलं होतं. क्लेम घेऊन सगळं काम करून घेतलं, गाडी आता उत्तम चालते. गिऱ्हाईकाला सांगायलाच हवं का?
– कुर्ला

उत्तर : हो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर आम्ही सर्व्हेयर मंडळी आठवडेच्या आठवडे चिखलातल्या गाड्या बघत होतो. त्यातल्या कितीतरी भंगाराच्या भावात एकगठ्ठा गेल्या आणि दुरुस्त होऊन दुसऱ्या गावांत चकचकीत होऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून चांगला मेकॅनिक गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. तिथे मातीची रेघ सापडते. मग सीटखालचे बोल्ट बघतो, कार्पेट उचलून वास घेतो. शिवाय क्लेमची नोंद विमा कंपनीकडे आहेच. त्याने शोधून काढलं तर व्यवहार मोडेल, किंवा तुमच्या गाडीत आणखी काय दडलंय या शंकेने तो भाव हवा तेवढा पाडेल. तुम्ही आधी सांगितलंत तर घट मोजता येते. तशाच न बुडालेल्या गाडीपेक्षा मी १५ ते २० टक्के कमी धरेन, आणि तीन पावसाळे वायरिंगची तक्रार आली नसेल तर १५. दुरुस्तीची बिलं द्या, विशेषतः ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंग बदलल्याचं. विक्रीच्या कागदावर “पाणी शिरल्याची माहिती दिली आहे” असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. विसार त्यानंतरच स्वीकारा. आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका, आयकर कायद्याला ते चालत नाही. बँकेतूनच घ्या.