मुलगी तिसरीत आहे, 402 वजा 158 सारख्या गणितात मधला शून्य आला की अडकते, 305 ला 3005 लिहिते. घरी कसं शिकवू?

मी तासगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिकवते, तिसरी-चौथी माझ्याकडंच असते, त्यामुळं हे दोन्ही घोटाळे दरवर्षी बघते. मुळात घोटाळा एकच आहे. शंभर सोडला की दहा दशक होतात हे तिनं डोळ्यांनी बघितलेलं नाही, नुसतं 'शेजारून हातचा घे' पाठ झालंय, आणि शेजारी शून्यच बसला असेल तर पोरीनं घ्यायचं कुणाकडनं?

3005 चं आधी उरकू. तीनशे पाच ऐकलं की ती 300 लिहून पुढं 5 लावते, म्हणजे कान बरोबर आहेत, ओरडू नका. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर 100 ते 900, 10 ते 90, 1 ते 9 अशी कार्डं करा, प्रत्येक अंकाला सारखीच जागा ठेवा. 300 वर उजव्या कडेला 5 ठेवलं की शेवटचा शून्य झाकतो आणि 305 दिसतं, उचललं की खाली पूर्ण 300 असतंच. पुस्तकातली दर्शनी किंमत 3 आणि स्थानिक किंमत 300 म्हणजे हेच.

वजाबाकीला खराट्याच्या काड्या घ्या आणि रबर. दहाचा एक गठ्ठा, अशा दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा. (बरेच जण डायरेक्ट खेळण्यातल्या नोटा देतात, मला ते पटत नाही, शंभरची नोट काही दहाच्या नोटेच्या दहापट जाड नसते, नोटा नंतर द्या.) आता 402 मांडायला सांगा, चार मोठे गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. तिच्याकडं 158 मागा, आधी 8 सुट्या. दोनच आहेत, दहाचा गठ्ठा एकपण नाही, मग तिलाच मोठा गठ्ठा सोडू दे, दहा गठ्ठे निघतील, त्यातला एक सोडला की 3 मोठे, 9 लहान, 12 सुट्या. शून्याच्या डोक्यावर 9 कुठनं आला हे इथं कळतं. काडी हलली की लगेच वहीत तेवढंच लिहायचं, हे मात्र सोडू नका, नाहीतर काड्यांचा खेळ वेगळा आणि वही वेगळी होते.

2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसऐवजी वीस एक, वीस दोन असं आलं तेव्हा केवढा दंगा झाला, पण बत्तीस ऐकून 23 लिहिणारी पोरं बघितली की मला ते वाईट वाटत नाही.

गुणाकाराला आमच्याकडं बेदाणा कामाला येतो. 15 किलोचे 23 बॉक्स, तर 23 दाहे 230, 23 पंचे 115, बेरीज 345. दुसऱ्या ओळीत एककाच्या जागी फुली का मारतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि उत्तर तपासायला दुकानदारासारखं वर मोजा, 158 ला 2 दिले 160, 40 दिले 200, 202 दिले 402, झाले 244. परीक्षेत उभी मांडणी मागतात म्हणून ती करायची, तपासणी तोंडी चालते.