ऑनलाइन लिलावात गेम बॉयची जुनी कॅसेट घेताना अस्सल-नकली कसं ओळखायचं?
आधी फोटो मागा, निम्मं काम तिथेच होतं. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या (गेम बॉय या निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राची नंतरची आवृत्ती) कॅसेटचा पुढचा, मागचा आणि खालच्या पिनांचा जवळून काढलेला फोटो हवा. अस्सल कॅसेटमध्ये खालच्या सोनेरी पट्ट्यांच्या (म्हणजे पिनांच्या) अगदी वर, सर्किट बोर्डवर निन्टेंडोचं नाव बारीक छापलेलं दिसतं. पुढच्या स्टिकरवर दोन अंक दाबून उमटवलेले असतात, पण ते तिरक्या उजेडातच कळतात. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. पोकेमॉनच्या नकला तर पैशाला पासरी आहेत.

'सेव्ह होत नाही' (म्हणजे खेळातली प्रगती साठत नाही) असं लिहिलंय म्हणून लगेच नाक मुरडू नका. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर या जुन्या गेम बॉयच्या गेममध्ये सेव्ह आणि घड्याळ दोन्ही आतल्या सीआर२०२५ सेलवर चालतं. सेल संपला की सेव्ह जातो, गेम नाही. सोल्डरिंग येणाऱ्याकडून नवा सेल बसवून घेतला की झालं. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पोकेमॉन रुबी-सफायरमध्ये सेल फक्त घड्याळापुरता, सेव्ह फ्लॅश मेमरीत (सेलशिवाय टिकणाऱ्या) राहतो. 'सेव्ह होत नाही' म्हणून विकायला काढलेली कॅसेट बरेचदा स्वस्तात पदरात पडते.

बोलीची कमाल रक्कम टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरूनच ठरवा. जपानी याहू ऑक्शन्सवर 'जंक' लिहिलं असेल तर चालण्याची हमी नाही, हे गृहीत धरा.

आणि लहानपणीच्या टीव्ही गेमसाठी (तो बहुतेक फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या जपानी टीव्ही गेमचीच नक्कल) कॅसेट शोधत असाल तर ६० पिनांची जपानी फॅमिकॉमची बघा. एनईएसची (फॅमिकॉमची अमेरिकन आवृत्ती) ७२ पिनांची असते, ती त्यात बसणार नाही.