दुबईत बेदाण्याचा धंदा: मंत्र्यांच्या दौऱ्यावर विसंबून निघण्याआधी

तुम्ही लिहिलंय, की वाणिज्यमंत्री पीयूष गोयल दुबईत येऊन खरेदीदारांना भेटल्याच्या बातम्या वाचल्या, तासगावला घरचा बेदाणा आहे, तर बायको-मुलांना घेऊन इकडे येऊन कंपनी काढावी का? मी इथे खाद्यपदार्थांच्या आयातीतच आहे. माझं मत विचाराल तर धंदा जरूर करा, पण कुटुंब आत्ता हलवू नका. दोन-चार कंटेनरचे पैसे हातात पडू द्या, मग बघा.

मंत्र्यांच्या दौऱ्यांना मी कमी लेखत नाही. १८ फेब्रुवारी २०२२ ला भारत आणि अमिरातींमध्ये सेपा हा व्यापार करार झाला, त्यावर सही गोयल यांचीच. १ मे पासून तो लागू झाला आणि मूल्याच्या हिशेबाने भारतातून येणाऱ्या सुमारे ९० टक्के मालावरची जकात लगेच गेली. कुणा एका व्यापाऱ्याला हे जन्मात जमलं नसतं. पण इथली जकात मुळात साधारण ५ टक्के, आणि ती भरतो आयातदार. म्हणजे सवलत आधी त्याच्या खिशात जाते. तुमच्या वाट्याला काही यायचं असेल तर भाव ठरवतानाच बोलायला हवं: 'ओरिजिन सर्टिफिकेट, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला, मी देतोय, तुमची जकात वाचतेय, ती दरात धरा.' हे सर्टिफिकेट डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवरून निघतं. तो कागद नसेल तर तुमच्यापुरता करार झालाच नाही असं समजा. बेदाण्याचा एचएस कोड, म्हणजे जकातीसाठीचा मालाचा क्रमांक, ०८०६२०. त्यावर आज नेमकी किती जकात आहे ते तुमच्या कस्टम एजंटकडून पक्कं करून घ्या.

आता खरी अडचण. इथे तुमची गाठ इराण, तुर्कस्तान आणि अफगाणिस्तानच्या मालाशी आहे. सांगलीच्या बेदाण्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय याचा मला अभिमान आहे, पण दुबईच्या देरा भागातल्या अल रास बाजाराचा घाऊक व्यापारी जीआय बघत नाही. तो मूठभर माल तळहातावर पसरतो, देठ किती राहिलेत ते बघतो, दोन दाणे दाबतो, एक खातो आणि भाव सांगतो. शिवाय त्याची मोठी खरेदी रमजानच्या आधी होते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीतच सुरू होईल. तुमचा नवा बेदाणा तेव्हा शेडमध्ये रॅकवर वाळत असेल. मग कोल्ड स्टोरेजमधला गेल्या हंगामाचा माल नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच न्हावा-शेव्याहून निघाला पाहिजे. एवढं एक गणित जमलं तरी निम्मी लढाई जिंकलात.

लेबलकडे दुर्लक्ष करू नका. अरबी मजकूर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, मूळ देश हे सगळं लागतंच. गंधकाची धुरी दिलेला माल असेल तर सल्फाइटचा उल्लेखही हवा. एका ओळखीच्या निर्यातदाराने अरबी स्टिकर नेमकं छापील तारखेवर चिकटवलं होतं. माल उत्तम, पण जवळजवळ पंधरवडा अडकून पडला आणि गोदामाचं भाडं नफा खाऊन गेलं.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. मधल्या काळात अमिरातीला सरकारमार्फत १४,४०० टन कांदा द्यायचं ठरलं, पण ज्यांनी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकं जोडली होती ते खासगी निर्यातदार हात बांधून बसले. तुमच्या मालावर अशी बंदी नाही, तरी 'भारतातून माल नक्की येईल ना?' हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. बाजार मिळवून द्यायला मंत्री परदेशी जातात हे चांगलंच आहे. पण तो टिकवायचा असेल तर घरचं धोरण स्थिर हवं, हे आपण शेतकऱ्यांच्या मुलांनी ठणकावून सांगायला पाहिजे.

राहण्याचं थोडक्यात सांगतो. फ्री झोनचं, म्हणजे परदेशी व्यावसायिकांसाठीच्या खास व्यापार क्षेत्राचं, लायसन्स लवकर मिळतं, पण नुसत्या त्यावर शहरातल्या दुकानांना थेट माल विकता येत नाही, वेगळा परवाना किंवा मध्ये स्थानिक वितरक लागतो. बँकेचं खातं उघडायला वेळ जातो. घरभाड्याचे चेक आगाऊ द्यावे लागतात. सुपरमार्केटचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात, आणि मुलांची शाळेची फी तेवढं थांबत नाही.

म्हणून आधी व्हिजिट व्हिसावर एकटेच या, गल्फूड या इथल्या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनाच्या दिवसांत. तिथे अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीला चालना देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, दालनात आपले निर्यातदार असतात, त्यांच्याशी बोला. येताना तीन वेगवेगळ्या दर्जांचे नमुने सीलबंद पाकिटांत आणा, प्रत्येकावर लॉट नंबर, सोबत कीटकनाशक अंशाचा लॅब रिपोर्ट. आयईसी (आयात-निर्यात कोड) आणि एफएसएसएआयचे (अन्न परवान्याचे) कागद फोनमध्ये ठेवा. अल रासला मी तुमच्यासोबत येईन. चार दुकानदारांशी ओळख करून देतो, भाव मात्र तुम्हीच बोला.